लपवू नये, लादू नये





आपल्या बीड जिल्ह्यात अनोळखी माणसाशी बोलणे कसे सुरू होते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. एस. टी.त शेजारी कोणी येऊन बसले की आधी गाव विचारले जाते. मग "काय करता?" असा प्रश्न येतो. आणि गाडी पुढच्या थांब्यावर पोचायच्या आत तिसरा प्रश्न येतोच, "आडनाव काय म्हणलात?" हा प्रश्न वरवर साधा असतो. पण विचारणाऱ्याला त्यातून आपले घर, आपली जात, आपला धर्म हे सगळे एकदम जाणून घ्यायचे असते. येथे आपल्यापैकी पुष्कळांची जीभ अडखळते. कोणी विषय पावसापाण्यावर नेतो, कोणी खिडकीबाहेर बघत बसतो. आज आम्ही या अडखळण्याविषयी बोलणार आहोत, आणि सुरुवात स्वतःपासून करणार आहोत.

काही वर्षांपूर्वी आम्ही बीडहून अंबाजोगाईला निघालो होतो. अंगात झगा नव्हता, साधा शर्ट होता. मांजरसुंब्याला एक वयस्कर शेतकरी चढले आणि आमच्या शेजारी बसले. गाव विचारून झाले. "काय करता?" असे त्यांनी विचारले, तेव्हा आम्ही म्हणालो, "शाळेत असतो." हे खोटे नव्हते, कारण शाळेचे काम आमच्याकडे होते. पण ते खरेही नव्हते. चर्चचे नाव काढले की पुढे दहा प्रश्न येतील, त्यापेक्षा हे बरे, असा आम्ही विचार केला.

बाबा बोलू लागले. सोयाबीनचे सांगितले, बोअर आटल्याचे सांगितले. मग म्हणाले की मुलगा गेला. कसा गेला ते त्यांनी सांगितले नाही. फक्त कर्जाचा आकडा सांगितला, आणि आपल्या जिल्ह्यात तेवढ्यावरून समजते. थोडा वेळ गप्प बसून त्यांनी विचारले, "गुरुजी, तुम्ही शिकलेले दिसता. मेल्यावर माणसाची परत भेट होती का हो?"

बंधुभगिनींनो, आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो. देव आहे हे दाखविण्यासाठी संत थॉमस अक्विनस यांनी सांगितलेले पाच मार्ग आम्हाला पाठ होते, आजही आहेत. पण बाबा देव आहे का असे विचारीत नव्हते. आपले लेकरू पुन्हा भेटेल का, एवढेच ते विचारीत होते. त्याचे उत्तर आपण दर रविवारी श्रद्धांगीकार म्हणताना उभे राहून मोठ्याने देतो. त्या दिवशी मात्र आम्ही म्हणालो, "मनाला लावून घेऊ नका बाबा, होईल सगळं नीट." केज आले. बाबा उतरून गेले. ते पुन्हा आम्हाला भेटले नाहीत.

नंतर पुष्कळ विचार केला, तेव्हा आमच्या एक गोष्ट ध्यानात आली. शब्द सुचले नाहीत असे नव्हते. पहिल्या प्रश्नालाच आम्ही स्वतःला लपविले होते, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाला तोंड उघडणे अवघड झाले. जो माणूस आपण कोण हे सांगत नाही, तो आपली आशा कशावर आहे हे कसे सांगणार?

आता आजच्या शुभवर्तमानाकडे वळू या. प्रायश्चित्तकाळाच्या या तिसऱ्या रविवारी आपण शोमरोनी स्त्रीची हकिगत ऐकतो (योहान ४:५–४२). भर दुपारची वेळ आहे. येशू चालून दमला आहे आणि विहिरीवर बसला आहे. पाणी भरायला एक अनोळखी स्त्री येते. येशू तिला पहिला शब्द काय बोलतो? तो उपदेश करीत नाही, तिची चूक काढीत नाही. तो तिच्याकडे पाणी मागतो.

मार्च महिना लागला की पाण्याची किंमत काय असते, हे आपल्याला सांगायला नको. आणि पाणी कोणी कोणाच्या भांड्यातून प्यावे, या प्रश्नाचे दुःखही आपल्याला सांगायला नको. यहुदी लोक शोमरोन्यांचे भांडे वापरीत नसत. आपल्या आजी-आजोबांपैकी कितीतरी जणांनी गावच्या विहिरीपासून लांब उभे राहून, कोणी वरून पाणी ओतील म्हणून वाट पाहिली आहे. पिण्याच्या पाण्याचा हक्क मिळावा म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. म्हणून येशूने त्या स्त्रीकडे पाणी मागितले, यात केवढी मोठी गोष्ट आहे हे मराठवाड्यातल्या माणसाला लवकर कळते. 'तुझ्या हातचे मला चालते' हा त्याचा पहिला संदेश होता. जिवंत पाण्याची गोष्ट त्यानंतर आली.

येशू तेथे स्वतःला लपवीत नाही. ती मसीहाचा विषय काढते, तेव्हा तो स्पष्टपणे सांगतो की तो मीच आहे. पण तो तिच्यावर काही लादीतही नाही. ती प्रश्न विचारते, शंका काढते, मध्येच विषय बदलते, आणि तो प्रत्येक प्रश्न मनावर घेतो. शेवटी ती घागर तेथेच टाकून गावात जाते. गावकरी येतात, दोन दिवस त्याला ठेवून घेतात, आणि मग तिला म्हणतात की आता आम्ही तुझ्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतः ऐकून विश्वास ठेवतो. बोलण्याचे काम तिचे होते. विश्वास ठेवणे न ठेवणे हे त्यांचे आणि देवाचे होते.

असेच एक संभाषण आपल्या महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासात नोंदलेले आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नावाचे एक चित्पावन ब्राह्मण कवी नोकरीसाठी नागपूरकडून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एक अनोळखी युरोपियन ख्रिस्ती गृहस्थ भेटले. त्या काळी गोऱ्या माणसाने हिंदी माणसाला डब्यात नीट बसूही द्यावे, याची खात्री नसे. हे गृहस्थ मात्र आदराने वागले. दोघांत मनमोकळे बोलणे झाले, ख्रिस्ताचाही विषय निघाला. निरोप घेताना त्यांनी टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली, आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. टिळकांना हे बोलणे धाडसाचेच वाटले असणार. पण वाचीन असा शब्द त्यांनी दिला आणि तो पाळला. वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथेच थांबले. मनात उठलेल्या प्रश्नांविषयी त्यांनी नाव न कळविता एका ख्रिस्ती मासिकाशी पत्रव्यवहार केला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. रेव्हरंड टिळक आपल्या कॅथोलिक मंडळीचे नव्हते, ते शेजारच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते. तरीही मराठी ख्रिस्ती भजनांचा विषय निघाला की त्यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

या हकिगतीतून आम्हाला दोन गोष्टी शिकाव्याशा वाटतात. पहिली अशी की त्या गृहस्थांनी एका प्रवासात आपले काम केले आणि ते आपल्या वाटेने गेले. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप इथिओपियाच्या अधिकाऱ्याच्या रथात बसतो, तोही बोलाविल्यावर बसतो, त्याचे प्रश्न ऐकतो, आणि पुढे आत्मा त्याला दुसरीकडे नेतो (प्रेषितांची कृत्ये ८:२६–४०). पेरणारा तेथे पीक बघायला थांबत नाही.

दुसरी गोष्ट सांगताना आम्ही थोडे जपून बोलतो. टिळकांच्या बाप्तिस्म्याचे ओझे त्यांच्या घरच्यांना उचलावे लागले. पत्नी लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन बरीच वर्षे वेगळ्या राहिल्या. त्यांनी किती सोसले ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला कळते. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, आणि तो नवऱ्याच्या हट्टाने झाला नाही, तर त्यांच्या स्वतःच्या मनाने झाला. ख्रिस्ताविषयी बोललेला शब्द हलका नसतो, तो कोणाच्या तरी घरात जाऊन पडतो. म्हणून तो फेकायचा नसतो, हातात द्यायचा असतो.

आता आपल्या अडखळण्याकडे परत येऊ. आपण का लपवतो? आम्हाला तीन कारणे दिसतात.

पहिले कारण भीतीचे आहे. येशूचे नाव काढले की लोक म्हणतील, हे धर्मांतर करायला आले. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण आपली बाजू आपल्याला नीट माहीत असावी. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येक व्यक्तीला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क दिला आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. पुष्कळांना हे माहीत नसते की जबरदस्तीविरुद्ध आपल्या चर्चने त्याआधीच बजावून ठेवले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याची घोषणा केली. श्रद्धेचा प्रसार करताना जबरदस्ती, आमिष किंवा गरीब व अडाणी माणसाच्या अडचणीचा फायदा घेणे हे चर्चने अनुचित ठरविले आहे. तेव्हा आपण लादत नाही ते भीतीपोटी नव्हे. लादलेली श्रद्धा ही श्रद्धाच नसते, म्हणून आपण लादत नाही. औषधाची बाटली पुढे करून, आधी येशूचे नाव घे, असे म्हणणारा माणूस येशूचा अपमान करतो.

दुसरे कारण कागदाचे आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती धर्माशी बांधल्या गेल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधवांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती झालेल्या दलितांचा आजवर झालेला नाही. जात चर्चच्या दाराशी गळून पडत नाही, हे आपण रोज अनुभवतो, सवलत मात्र गळून पडते. चर्च याला अन्याय म्हणत आले आहे, आम्हीही म्हणतो. मुलाच्या फीसाठी ज्यांच्या घरात ही कोंडी झाली आहे, त्यांच्यावर आम्ही दगड उचलणार नाही. त्यांनी आमच्याकडे मोकळ्या मनाने यावे. आम्ही एवढेच म्हणतो की कचेरीतली कोंडी हळूहळू मनात शिरते, आणि मग माणूस जेथे काही धोका नाही तेथेही लपू लागतो. आमच्या एस. टी.त कोणता कागद मागितला होता? तरी आम्ही लपलोच.

तिसरे कारण, "फादर, आम्हाला बोलता येत नाही, आमचे शिक्षण कमी आहे." याचे उत्तर आम्ही देत नाही, आपल्याच धर्मग्रामातल्या एका भगिनीने ते दिले आहे. नाव सांगू नका असे त्यांनी बजावले आहे. त्यांची शाळा चौथीपर्यंत झालेली आहे.

त्यांच्या सासूबाई सरकारी दवाखान्यात होत्या. शेजारच्या खाटेवर एका ऊसतोड कामगार बाईचे लेकरू तापाने पडले होते. नवरा कारखान्यावर, उचल फिटलेली नाही, म्हणून ही एकटीच आलेली. आपल्या भगिनीने पहिल्या दिवशी भाकरी अर्धी करून दिली. दुसऱ्या दिवशी ती बाई औषध आणायला गेली तेव्हा लेकराजवळ बसल्या. रात्री त्या पदराखाली जपमाळ घेऊन प्रार्थना करीत. चौथ्या रात्री त्या बाईने विचारले, "ताई, ते मणी घेऊन तुम्ही काय म्हणता?" या म्हणाल्या, "दिवसभराचं येशूला सांगते. त्याच्या आईला पण सांगते. तिनं पण लेकराचं दुःख बघितलंय." मग त्यांनी विचारले, "तुमच्या लेकराचं नाव घेऊ का?" ती म्हणाली, "घ्या की. देवाला कुणीबी सांगितलं तर चालतंय."

लेकरू बरे झाले आणि घरी गेले. आपल्या भगिनीच्या सासूबाई मात्र वारल्या. दफनाच्या दिवशी ती बाई लेकराला कडेवर घेऊन आली आणि मागे उभी राहिली. पुनरुत्थानाची प्रार्थना झाल्यावर तिने आपल्या भगिनीला हळूच विचारले, "परत भेट होती असं म्हणता का तुम्ही?" आणि या रडत रडत म्हणाल्या, "हो. आमचा येशू मेल्यावर उठला. म्हणून आमची तशी आशा आहे."

आम्ही जवळच उभे होतो. केजला उतरलेल्या बाबांचा प्रश्न आमच्या कानावर दुसऱ्यांदा पडला होता, आणि आम्ही जे देऊ शकलो नव्हतो ते उत्तर चौथी शिकलेल्या बाईने दोन वाक्यांत दिले. संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात सांगतो की तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने (१ पेत्र ३:१५). त्याने पदवी मागितलेली नाही, तयारी मागितलेली आहे. पोप फ्रान्सिस यांनीही २०१३ साली 'शुभवर्तमानाचा आनंद' या पत्रात हेच सांगितले. रोजच्या भेटीगाठींत, चौकात, रस्त्यात, कामावर एका माणसाने दुसऱ्याला सुवार्ता सांगावी. आधी त्याचे बोलणे ऐकावे, त्याचे सुखदुःख समजून घ्यावे, आणि मगच देवाचे वचन बोलावे. शक्य असेल तर शेवटी थोडी प्रार्थना करावी.

ती बाई ख्रिस्ती झाली का, असे कोणी विचारील. नाही. आपल्या भगिनीने तिला तसे विचारलेही नाही. दोघी आजही एकमेकींच्या घरी जातात.

तर या प्रायश्चित्तकाळात आपण काय करावे? उपवास आणि दानधर्म यांच्या जोडीला आम्ही तीन साध्या गोष्टी सुचवितो. एक, अनोळखी माणूस बोलू लागला की आधी त्याचे पुरते ऐकून घ्यावे, मोबाईल खिशात ठेवून. त्याच्याकडून काही घ्यायला लाजू नये, पाण्याचा घोटही, कारण येशूनेही मागून घेतले. दोन, आपण कोण असे कोणी विचारले तर सरळ सांगावे, "आम्ही ख्रिस्ती आहोत." त्यात मिरवू नये आणि मान खाली घालू नये. तीन, दुःख सांगणाऱ्याला विचारावे, "तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" तो हो म्हणाला तर त्याच्या दुःखाचे नाव घेऊन प्रार्थना करावी. नाही म्हणाला तर आदराने गप्प बसावे, आणि घरी येऊन मनातल्या मनात करावी. त्याच्या देवाविषयी वाकडा शब्द कधीही बोलू नये.

कारखान्याला गेलेली आपली काही कुटुंबे अजून परतलेली नाहीत. कोल्हापूर-सांगलीच्या फडांत किंवा कर्नाटकात ती वेगवेगळ्या गावांच्या टोळ्यांबरोबर खोपीत राहतात. संध्याकाळी चूल पेटविताना त्यांनी केलेली खुणेची प्रार्थना शेजारची खोप बघत असते. तीही साक्ष आहे. त्यांच्यासाठी आज विशेष प्रार्थना करू या. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड शहरातून अहिल्यानगरकडे रेल्वे सुरू झाली आहे, आता आपल्यालाही डब्यात नवी माणसे भेटतील. टिळकांना भेटलेल्या त्या प्रवाशाची आठवण ठेवावी.

आणि पुढच्या रविवारी मिस्सानंतर, या आठवड्यात कोणाला असा काही अनुभव आला असेल तर त्याने आम्हाला येऊन सांगावे. बोलता आले नाही असा अनुभव असेल तरीही सांगावे. आमचाही तसाच आहे.

प्रार्थना करू या. हे प्रभू येशू, तू दमून विहिरीवर बसलास आणि परक्या स्त्रीकडे पाणी मागितलेस. आम्हाला माणसांजवळ बसायला शिकव. आम्ही तुला लपविले त्याची क्षमा कर. तुझे नाव कोणावर लादण्याचा मोह आमच्यापासून दूर ठेव. केजला उतरून गेलेल्या त्या बाबांना, आणि आम्ही ज्यांना उत्तर देऊ शकलो नाही त्या सर्वांना, तू स्वतः भेट. आमेन.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू